सोबत काम करणारी माणसं आणि परसंस्कृतीची ओळख

गेल्या व्याख्यानानंतर एक बाई भेटायला थांबल्या होत्या. त्यांची मुलगी जर्मनीत एम. एस. करते. बाई म्हणाल्या, "सर, एवढं कर्ज काढून शिकायला पाठवलं, आणि ती तिथं आठवड्यातले तीन दिवस कँटीनमध्ये भांडी घासते. घरी कधी कपबशी विसळली नाही तिनं. यात शिक्षण कुठं आलं?" आम्ही त्यांना म्हटलं, पुढच्या वेळी या, त्यावरच बोलू. त्या आज समोर बसल्या आहेत, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. परदेशी शिकायला जाणाऱ्या अनेक मुलामुलींना आज अशी नोकरी करावी लागते. अमेरिकेत सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तास काम करता येतं, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. हे तास घरी फोनवर सांगितले जात नाहीत, आणि परत आल्यावर लिहिलेल्या परिचयपत्रातही येत नाहीत. थोरामोठ्यांच्या चरित्रांतही या नोकऱ्या एखाद्या ओळीत उरकतात. जयप्रकाश नारायण १९२२ ते १९२९ अमेरिकेत होते. त्या काळात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या फळबागांत मजुरी केली, फळं डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम केलं, हॉटेलात बश्या धुतल्या. ते काय वाचत होते हे आपण सविस्तर वाचतो. कोणाच्या शेजारी उभं राहून बश्या धूत होते, ते विचारत नाही.

आज आपण तेच विचारू. दुसरी संस्कृती कळते म्हणजे नेमकं काय कळतं? आणि ते शेजारी उभं राहून काम करण्यानं का कळावं?

आधी एक भेद समजून घेऊ. गिल्बर्ट राइल नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ होते. १९४९ साली त्यांचं 'द कॉन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक आलं. त्यात ते दोन प्रकारच्या ज्ञानांत फरक करतात. 'अमुक असं असं आहे' हे एक ज्ञान, आणि 'अमुक कसं करायचं' हे दुसरं. पोहण्यावरचं पुस्तक पाठ केलेला माणूस विहिरीत पडला तर पाठांतर कामाला येत नाही. संस्कृतीचंही तसंच आहे. इराणची राजधानी, सण, धर्म, इतिहास हे पहिल्या प्रकारचं ज्ञान. समोरच्या इराणी माणसाला चहा कसा द्यायचा, तो 'नको' म्हणाला तर ते खरं 'नको' आहे की पुन्हा विचारायचं आहे, हे दुसऱ्या प्रकारचं. आणि यात एक गंमत आहे. आपली स्वतःची संस्कृती आपल्याकडे जवळजवळ सगळी या दुसऱ्या प्रकारातच असते. ती आपल्या हातापायांत असते. त्यामुळे ती आपल्यालाच दिसत नाही.

आता आमचंच उदाहरण सांगतो. स्वतःबद्दल बोलणं व्याख्यानात शोभत नाही, पण या विषयात दुसऱ्याचं उदाहरण देणं ही पळवाट होईल.

१९७० च्या दशकात आम्ही अमेरिकेतल्या मध्यपश्चिम भागातल्या एका विद्यापीठात पीएच. डी. करत होतो. शिष्यवृत्तीत फी भागत होती, पोट भागत नव्हतं. म्हणून वसतिगृहाच्या भोजनगृहात काम धरलं. काम होतं डिशरूममधलं. भोजनगृहाच्या भिंतीला एक खिडकी. मुलं जेवून झाली की आपला ट्रे त्या खिडकीतून सरकत्या पट्ट्यावर ठेवत. पट्टा ट्रे आत आणी. आत आम्ही ओळीनं उभे. पहिला पेले उचलणार, दुसरा कागद आणि खरकटं काढणार, तिसरा बश्या जाळीत लावणार, चौथा जाळी यंत्रात ढकलणार, आणि पलीकडच्या गरम टोकाला पाचवा धुतलेल्या, हाताला चटका देणाऱ्या बश्या उचलून रचणार. एक जण मागं पडला की पट्टा थांबे, आणि पट्टा थांबला की खिडकीबाहेर ट्रेचा ढीग.

आमच्या मुकादम एक कृष्णवर्णीय बाई होत्या, पन्नाशीच्या. मूळच्या मिसिसिपीच्या. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेली, त्यातल्या त्या एक. गरम टोकाला एक व्हिएतनामी गृहस्थ. १९७५ साली सायगाव पडल्यावर सव्वा लाखाहून अधिक व्हिएतनामी निर्वासित अमेरिकेत आले, त्यांतले. एक इराणी विद्यार्थी, अभियांत्रिकीचा. त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठी संख्या इराण्यांची होती, हे आज अनेकांना खरं वाटत नाही. आणि दोन मराठी माणसं: एक आम्ही, दुसरा आमचा खोलीतला सोबती, मराठवाड्यातला. तो औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकून आला होता. दलित कुटुंबातला. आम्ही पुण्याचे, ब्राह्मण. दोघं एका खोलीत राहत होतो, एकाच पातेल्यातलं जेवत होतो, आणि आमच्यापुरता तो प्रश्न मिटला आहे अशी आमची समजूत होती.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुकादम बाई आमच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?"

आम्ही पाहिलं. उजवा हात पाठीशी होता. आम्ही सगळं खरकटं डाव्या हातानं काढत होतो. म्हणूनच पट्टा आमच्यापाशी तुंबत होता.

काय सांगणार? इंग्रजीत शब्दच नव्हता. मराठीत पाहा, आपल्याकडे किती शब्द आहेत: तोंड लागलं ते उष्टं, शिजवलेल्या अन्नाचं सांडलंलवंडलं ते खरकटं, कालचं ते शिळं, आणि या सगळ्यांच्या पलीकडं सोवळं आणि ओवळं. इंग्रजीत 'उरलेलं' यापुढं फारसं काही नाही. घाणेरडं म्हणावं तर तेही खरं नव्हतं. बश्या तशा स्वच्छच असत, अर्धा केक नि दोन बटाटे. आम्हाला ते घाण वाटत नव्हतं. ते दुसऱ्याचं होतं, एवढंच. "काही नाही," म्हणून आम्ही उजवा हात पुढं घेतला, आणि दहा मिनिटांनी तो परत मागं गेला.

त्या रात्री खोलीवर आम्ही हसत हसत ही हकिकत सोबत्याला सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, "तुझा उजवा हात रजेवर आहे, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? तू दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम उजवा हात वापरला असतास. मला दाखवायला."

या उत्तरावर आम्ही पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं वर्गात तत्त्वज्ञान शिकवलं, असं म्हटलं तरी चालेल. समतेवर आमचा विश्वास होता. तो खोटा नव्हता. पण तो पहिल्या प्रकारच्या ज्ञानात होता. हात दुसऱ्या प्रकारात होता, आणि हाताला कोणी कळवलंच नव्हतं. गादामर हा जर्मन तत्त्वज्ञ म्हणतो की पूर्वग्रह आपल्याला दिसावा यासाठी तो आधी डिवचला जावा लागतो. पुस्तक त्याला सहसा डिवचत नाही, कारण पुस्तक वाचताना हात मोकळे असतात. सरकता पट्टा डिवचतो.

पुढं त्या हाताचं काय झालं? आम्ही निश्चय वगैरे केला नाही. सकाळच्या न्याहारीच्या गर्दीत एका हातानं काम होत नाही, एवढंच खरं. सत्र संपेपर्यंत दोन्ही हात चालू लागले होते. नेमके कधीपासून, ते आम्हाला सांगता येणार नाही.

आता इराणी मित्राकडं येऊ. त्याची एक सवय होती. ट्रेमध्ये पावाचा न खाल्लेला तुकडा आला तर तो कचऱ्यात टाकत नसे, शेजारच्या फळीवर ठेवी. जमिनीवर पडलेला तुकडा उचलून ओठांना लावी, आणि मग वर ठेवी. इराणमध्ये, तुर्कस्तानात, मध्य आशियातही बऱ्याच ठिकाणी ही रीत आहे. पाव पायदळी येता कामा नये. आम्हाला हे लगेच कळलं. आपल्याकडंही अन्नाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो. वाटलं, हा आपलाच माणूस.

आणि दुसऱ्याच क्षणी तो त्याच फळीवरचा एक तुकडा तोंडात टाके. कोणाच्या तरी ताटातला!

इथं थांबू, कारण मुद्दा बारीक आहे. अन्नाबद्दलचा आदर आणि अन्नाबद्दलचा विटाळ या आमच्या मनात एकच गोष्ट होत्या. अन्न पवित्र, म्हणून उष्टं अपवित्र. हे एका नाण्यासारखं वाटत होतं. या मित्राकडं आदर पुरेपूर होता, आणि विटाळ नव्हता. म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक ठेवून दुसरी सोडता येते. परसंस्कृतीची ओळख होते तेव्हा बहुतेकदा हेच होतं. दुसऱ्याकडं काहीतरी विचित्र आहे असं दिसून फार काही मिळत नाही. जे आपल्याकडं एकत्र शिवलेलं असतं, ते दुसऱ्याकडं सुटं दिसतं, आणि मग आपली शिवण आपल्याला दिसते.

याच मित्रानं आम्हाला आणखी एक धडा दिला. वर्षभर आम्ही त्याला 'फारसी माणूस' समजत होतो. फारसी कवींबद्दल विचारत होतो. एकदा तो आईशी फोनवर बोलला तेव्हा कळलं की त्याच्या घरची भाषा फारसी नाहीच. तो तब्रीझचा, घरी अझरबैजानी तुर्की बोलत. आम्हाला कोणी 'तुम्ही हिंदी बोलता ना?' असं विचारलं की आम्ही चिडत होतो, आणि त्याच्याबाबतीत आम्ही तेच करत होतो. सहकारी म्हणजे त्याच्या देशाचा नमुना नव्हे. तो एका घरातला, एका गावातला माणूस असतो.

आता तिसरी गोष्ट, हाक मारण्याची. अमेरिकेत सगळे एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, असं आम्ही ऐकून गेलो होतो. प्राध्यापकसुद्धा. म्हणून पहिल्याच आठवड्यात आम्ही मुकादम बाईंना त्यांच्या पहिल्या नावानं हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली. यंत्राच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, असं वाटलं. शेवटी व्हिएतनामी गृहस्थांनी आमच्या कानाशी येऊन सांगितलं: नावाआधी 'मिस' लावायचं.

त्यांना हे कसं कळलं होतं? त्यांच्या भाषेमुळं. व्हिएतनामी माणूस रोजच्या बोलण्यात 'मी' आणि 'तू' या जागी नात्याचे शब्द वापरतो: थोरला भाऊ, थोरली बहीण, धाकटं भावंड, काका. समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्य सुरू करणंच कठीण. म्हणून ते नव्या माणसाला आधी वय विचारत, आणि अमेरिकन मुलं बिचकत. पण कोणाला कसं संबोधायचं याकडं त्यांचं जेवढं लक्ष होतं, तेवढं आमच्यापैकी कोणाचंच नव्हतं.

'मिस' का, ते बाईंनीच पुढं कधीतरी सांगितलं. दक्षिणेत त्यांची आई गोऱ्या कुटुंबात काम करत असे. त्या घरातलं सहा वर्षांचं पोर तिला नावानं हाक मारी. आईनं मात्र त्या पोरालाही आदरानं संबोधायचं. हा रिवाजच होता. मिस आणि मिसेस हे शब्द गोऱ्यांसाठी राखून ठेवलेले होते. ही गोष्ट न्यायालयापर्यंतही गेली. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्तीला सरकारी वकिलानं नुसतं 'मेरी' म्हटलं. मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं तिनं सांगितलं. न्यायालयाचा अवमान केला म्हणून तिला शिक्षा झाली. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली.

हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढं आमच्या घरची मोरी होती. तिथं राखेनं भांडी घासायला एक बाई येत. आमच्या आजीच्या वयाच्या. आम्ही पोरंटोरं त्यांना 'अगं' म्हणत होतो. आईनं कधी टोकलं नाही. आईला ते जाणवलंही नसावं. मिसिसिपीतल्या त्या घरातलं सहा वर्षांचं पोर आम्हाला चांगलंच ओळखीचं होतं. त्या भांडीवाल्या बाईंचं आडनाव आम्हाला माहीत नव्हतं. आजही नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलेलं नाही.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. हे शेजारी उभं राहून काम करण्यानंच का व्हावं? पुण्यात ती बाईही रोज घरात येत होती. संपर्क तर होता.

याचं उत्तर गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाकडं मिळतं. १९५४ साली त्याचं 'द नेचर ऑफ प्रेज्युडिस' हे पुस्तक आलं. तो म्हणतो, नुसत्या संपर्कानं पूर्वग्रह कमी होत नाहीत. चार गोष्टी असाव्या लागतात: त्या प्रसंगात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागली पाहिजे, आणि वरच्या सत्तेचा या सगळ्याला पाठिंबा हवा. पुढं यावर पुष्कळ संशोधन झालं. २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप या दोघांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. निष्कर्ष असा की संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतात, आणि या अटी असल्या तर अधिक होतात.

डिशरूमला हे लावून पाहा. तास सारखे, ॲप्रन सारखा, सगळ्यांना मिळून पट्टा चालता ठेवायचा, एकट्यानं तो चालत नाही. उलट आमच्या मोरीत एक जण घासणार आणि बाकीचे उष्टं टाकणार. रोजची भेट, आणि चारांतली एकही अट नाही. म्हणून शंभर वर्षं जरी अशी भेट होत राहिली, तरी काही कळत नाही.

बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते, आणि जॉन ड्यूई त्यांचे शिक्षक होते. ड्यूईचा एक शब्द बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये वापरला आहे: सोशल एंडॉस्मॉसिस. पातळ पडद्यातून द्रव इकडून तिकडं पाझरतो, तसा समाजातल्या गटांमध्ये अनुभव पाझरला पाहिजे. पाझरायला पडदा पातळ हवा. इकडं भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. तिथं मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, कष्ट करून शिकत. 'कमवा आणि शिका' ही आपल्याला फीची सोय वाटते. फी भागत होती हे खरंच, पण शेजारी कोण उभं आहे हेही त्या योजनेत होतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे गोड गोड होईल. डिशरूममधली समता अपुरी होती. आम्ही परीक्षेच्या आठवड्यात रजा मागत असू, आणि मुकादम बाई स्वतः जास्त तास उभं राहून ती देत. आमची ती दोन वर्षं होती, त्यांचा तो जन्म होता. आम्ही तिथून प्राध्यापक होऊन बाहेर पडलो, त्या तिथंच राहिल्या. आम्हाला शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं, त्याचा पगार त्यांना मिळत नव्हता. सहकाऱ्याला 'तुमची संस्कृती सांगा' म्हणून धरून बसवणं हीसुद्धा एक प्रकारची वेठबिगारीच. तो सांगेल ते ऐकावं. नाही सांगितलं, तर काम करावं.

सोबत्याचंही तसंच. आमच्या हाताचा प्रश्न सोडवणं ही त्याची जबाबदारी नव्हती. तो बोलला नाही, यात त्याचा शहाणपणा होता, आणि बहुधा थकवाही होता. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमची मुलगी कँटीनमध्ये भांडी घासते यात शिक्षण आहेच असं आम्ही म्हणणार नाही. दमून जाणं, अभ्यास मागं पडणं, कमी पैशांत राबवून घेतलं जाणं हेही त्यात असू शकतं. त्याची चौकशी जरूर करा. पण फोनवर 'अजून ते भांड्यांचं काम करतेस का?' असं विचारू नका. त्या प्रश्नातच आपली मोरी आहे, आणि ती तिला ऐकू येते. 'तुझ्या शेजारी कोण असतं?' असं विचारा. त्यांचं नाव काय, गाव कोणतं, तू त्यांना काय म्हणून हाक मारतेस, ते विचारा. ती सांगेल. आणि तुमच्या घरी जी कोणी भांड्याला येत असेल, तिचं आडनाव तुम्हाला माहीत आहे का, तेही एकदा आठवून पाहा. आम्हाला आठवायला उशीर झाला.

प्रश्नांसाठी वेळ ठेवलेला आहे. पुढच्या खेपेला आपण संबोधनांवरच बोलू: 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण'.